दोन जेम्स एलरॉइड

थॉर्नडेन या गिरणीच्या गावात एलरॉइड आडनावाचे लोक इतके होते की आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. मारून उपयोगही नव्हता. गिरणी सुटताना दारात उभं राहून कोणी 'एलरॉइड!' म्हणून ओरडलं असतं, तर निम्म्या गर्दीने वळून पाहिलं असतं. म्हणून माणसं बापाच्या, आजाच्या नाहीतर घराच्या नावाने ओळखली जात. जॉनच्या बिलचा टॉम. चढावरची मार्था. क्लॉगवाल्या रूबेनची हॅना.

आडनाव पेटीतल्या चांगल्या कपड्यांसारखं होतं. बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मरणाला बाहेर निघे. त्यातही मरणाचा नियम कडक होता. माणूस गेला की त्याचं हाकेचं नाव तिथेच संपे आणि त्याला त्याचं पुरं नाव परत दिलं जाई. शवपेटीवर, चॅपेलमध्ये, विहिरीपाशी बायकांच्या कुजबुजीतसुद्धा. काल संध्याकाळी जो टॉम होता तो सकाळी थॉमस एलरॉइड होई. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. गल्लीत मोठी माणसं कोणाबद्दल पुऱ्या नावाने बोलायला लागली की मुलं आपोआप खेळ थांबवत.

लढाई संपल्यानंतर तिसऱ्या वर्षी, १९२१ च्या वसंतात, चॅपेलच्या आवारात गावच्या मेलेल्या सैनिकांसाठी दगड उभा राहणार होता. हॅनाला त्या दगडावर एक नाव हवं होतं, जेम्स एलरॉइड. साठीच्या घरात आलेल्या, कधी काही न मागणाऱ्या या बाईने आयुष्यात मागितलेली बहुधा ही पहिलीच गोष्ट होती, आणि तीच मिळेल की नाही याची खात्री नव्हती.

कारण तिचा जेम जन्माने एलरॉइड नव्हता.

तो अकरा वर्षांचा असताना रूबेनने, म्हणजे हॅनाच्या वडिलांनी, त्याला अनाथालयातून कामाला आणलं. कालव्याच्या लॉकपाशी, जिथे दारं उघडून बोटी वर चढवतात तिथे, तो तान्हा असताना टोपलीत सापडला होता. म्हणून तिथल्या लोकांनी त्याचा जेम्स लॉक असा बाप्तिस्मा केला. थॉर्नडेनमध्ये ते आडनाव कोणी उच्चारलंच नाही. पहिल्याच आठवड्यात तो 'हॅनाचा जेम' झाला. हॅनाचं लग्न झालं नव्हतं. लोकांनी थोडी गंमत केली आणि मग विसरून गेले.

क्लॉगचे, म्हणजे गिरणीतली माणसं घालत त्या लाकडी तळाच्या जोड्यांचे, तळवे अल्डरच्या लाकडाचे करत. ते लाकूड पाण्यात कुजत नाही आणि सहज फाटत नाही. गावातल्या जोसाया एलरॉइडच्या शेताखालच्या ओढ्यावर अल्डरची दाट रांग होती, आणि दर वसंतात रूबेन तिथे जाऊन झाडं तोडी, तिथेच तळव्यांचे ठोकळे पाडी आणि वाळायला गोल रचून ठेवी. अल्डर तोडलं की आतून पांढरं असतं. हवा लागली की पाहता पाहता ते लालभडक होतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जेमने कुऱ्हाड टाकून दिली होती.

"याला लागलं का हो?" त्याने विचारलं.

"त्याला नाही," रूबेन म्हणाला. "तुला लागेल आता. पाय बाजूला घे."

रूबेन गेल्यावर दुकान जेमनेच चालवलं. मग लढाई आली आणि गावातली पोरं एकत्र भरती झाली, एकाच रांगेत, एकाच सकाळी. जेमचं पहिलं पत्र आलं त्यात उत्तर कुठे पाठवायचं ते लिहिलं होतं, आणि तिथे 'जे. एलरॉइड' असं होतं. हॅनाने ते दोनदा वाचलं. मग दर रविवारी ती पाकिटावर ते नाव आपल्या हाताने लिहू लागली.

तरीही तिच्या हातून एक चूक झाली. सगळ्या गावाच्या हातून झाली, पण तिच्या हातून झालेली तिला वेगळी लागली.

१९१७ च्या शरदात इर्विन अटली हाताला गोळी लागून घरी आला. तो दुसऱ्या तुकडीत होता. एका सकाळी लढाईनंतर हजेरी घेताना सार्जंटने 'जेम्स एलरॉइड' असा पुकारा केला, उत्तर आलं नाही, आणि मागून कोणीतरी 'गेला' म्हणालं, एवढं त्याने ऐकलं होतं. गावी आल्यावर तो आधी आपल्या घरी न जाता सरळ जोसायाच्या शेतावर गेला. जोसाया एलरॉइड म्हणजे एलरॉइड नावाच्याच शेतावर राहणारा, सगळ्यांत थोरल्या शाखेचा, चॅपेलचा विश्वस्त. त्याचा एकुलता एक मुलगा जेम्स त्याच पलटणीत होता. गाव त्याला जोसायाचा जिमी म्हणे.

इर्विन अंगणात उभा राहिला. जोसायाची बायको ग्रेस दुधाची भांडी धूत होती. इर्विनने टोपी काढली आणि म्हणाला, "जेम्स एलरॉइड."

पुढे काही बोलायची गरज नव्हती. जिवंत माणसाला थॉर्नडेनमध्ये त्या नावाने कोणी पुकारलं नसतं.

घराचे पडदे ओढले गेले. पुढच्या रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थना झाली. प्रेत नव्हतं, तरी बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं. मयताची बिस्किटं हॅनाने भाजली, गावातल्या प्रत्येक मयताची तीच भाजत असे. शहाजिरे घातलेली, पांढऱ्या कागदात बांधून काळ्या लाखेने बंद केलेली. ती तिसऱ्या बाकावर बसली, ग्रेसची पाठ हुंदक्यांनी हलताना पाहत गायली, आणि गाताना तिच्या मनात एक लहानशी सुटकेची भावना होती. बरं झालं, तो आपला नव्हे.

आपल्या हाताने शंभर पाकिटांवर लिहिलेलं ते नाव. गावाला नाही तर नाही, पण तिलाही त्या नावाचा दुसरा कोणी आठवला नव्हता.

पंधरवड्यानंतर जिमीचं पत्र आलं. तो जिवंत होता, त्याला मोजे हवे होते. ग्रेस एप्रनवरच गल्लीतून धावत सुटली, दिसेल त्याला पत्र दाखवत. गिरणीच्या मॅनेजरने भर दुपारी भोंगा वाजवला. आणि त्याच आठवड्यात हॅनाच्या दाराखालून लष्कराचं बदामी पाकीट आत सरकलं.

जेमसाठी वेगळी प्रार्थना झाली नाही. पाद्रीसाहेबांनी विचारलं, पण तेच गाणं त्याच नावासाठी पुन्हा म्हणायला कोणाचा घसा तयार नव्हता. हॅनाच म्हणाली, "राहू द्या."

मार्चमधल्या एका संध्याकाळी दगडाच्या समितीने हॅनाला रविवारच्या शाळेच्या खोलीत बोलावलं. टेबलाशी पाद्री मिस्टर टिंडल होते, जोसाया होता, गिरणीचे एकदोघे होते. शेगडीत कोळसे होते, पण खोली गार होती.

"बसा, मिस हॅना," टिंडल म्हणाले. ते दक्षिणेकडून आले होते, आणि इतक्या वर्षांनंतरही सगळ्यांना अहो-जाहो करत. "नावं वर्णक्रमाने लागलीत. तुमच्या जेमचं नाव आम्ही 'लॉक, जे.' असं घेतलंय."

"तो लॉक नव्हता."

"बाप्तिस्मा त्याच नावाने झालाय."

"मेला कुठल्या नावाने ते बघा ना, पाद्रीसाहेब."

"लष्कराचं काय घेऊन बसलीस हॅना," जोसाया म्हणाला. तो टेबलाकडे पाहत होता. "त्यांना जे सांगाल ते लिहून घेतात. उद्या माझा बैल गेला भरतीला, तर त्यालाही एलरॉइड म्हणतील."

गिरणीतला एकजण हसला आणि हसलो हे लक्षात येऊन खोकला.

"तुझा बैल गेला नाही पण," हॅना म्हणाली.

जोसायाचा चेहरा लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या नावाची राखण आपल्याकडे आहे असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं, आणि दरवर्षी चॅपेलच्या वर्धापनदिनाच्या चहाला तो त्या नावाची गोष्ट उभ्याने सांगे. आताही त्याने तीच सुरू केली, जशी एखादा प्रार्थना सुरू करतो.

सहाशे वर्षांपूर्वी इथे नुसतं ओलं रान होतं. अल्डर, चिखल आणि लांडगे. अल्डरला तेव्हा एलर म्हणत, आणि झाडं तोडून काढलेल्या जमिनीला रॉइड. डोंगरापलीकडून अ‍ॅडम नावाचा एक माणूस कुऱ्हाड घेऊन आला. त्याने ती झाडं तोडली, मुळं उपटली, दगड वेचून कुंपणाची भिंत रचली. जहागिरदाराचा माणूस सारा गोळा करायला आला तेव्हा त्याने विचारलं, तिथे वर कोण राहतं? शेजारी म्हणाले, एलरॉइडवरचा अ‍ॅडम. तेव्हापासून हे नाव. मुलं झाली, मुलांना मुलं झाली, काही खाली गिरण्यांत गेली, काही समुद्रापार. पण जिथे जिथे एलरॉइड आहे, तिथे तो त्या अ‍ॅडमच्या रक्ताचा.

"रक्ताचा," जोसाया पुन्हा म्हणाला. "दगडावर सात एलरॉइड आहेत, हॅना. साती त्याचे."

टिंडलना भांडण नको होतं. ते हळूच म्हणाले, "मला एक सुचतं. गाव त्याला जसं ओळखत होतं तसंच लिहिलं तर? 'हॅनाचा जेम'. त्यात कोणाचंच..."

खोलीत कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. हॅना आणि जोसाया दोघांनी एकाच वेळी मान वर केली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते एका बाजूला होते.

"दगडावर?" जोसाया म्हणाला. "मेलेल्याला हाकेचं नाव? पाद्रीसाहेब, तुम्ही बाहेरचे म्हणून चालून जातं."

"तेवढं नको," हॅनाही म्हणाली. "लॉक चालेल एक वेळ, पण ते नको. तो काय अजून रस्त्यावर खेळतोय?"

पाथरवटाने वर्णक्रम सांभाळून एलरॉइडांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी आणि निर्णय पुढच्या बैठकीत करावा, असं ठरलं. बाहेर पडताना जोसायाने दारात हॅनाला गाठलं. आता त्याचा आवाज वेगळा होता.

"रक्ताबिक्ताचं मी गिळीन गं," तो म्हणाला. "म्हातारा झालो, पुष्कळ गिळलंय. पण घरात ग्रेस आहे. तिला विचार. ती हो म्हणाली तर माझा हात वर."

शनिवारी हॅना शेतावर गेली. ग्रेसच्या स्वयंपाकघरात छताखालच्या दोरीवर ओटच्या पोळ्या वाळत टाकल्या होत्या. दोघी लहानपणी गिरणीत एकाच यंत्रावर तुटलेलं सूत जोडत. ग्रेसने चहा केला, कप पुढे सरकवला, आणि हॅना काही बोलायच्या आधीच म्हणाली, "नको मागूस, हॅना."

"मी अजून काही मागितलं नाही."

"तुझ्या तोंडावर आहे ते. तुझं तोंड कधी काही लपवू शकलंय?"

बाहेरून दगडावर दगड बसल्याचा आवाज येत होता. जिमी कुंपणाची पडलेली भिंत रचत होता. मधेच आवाज थांबे आणि खोकला येई. लढाईतल्या विषारी वायूने त्याची छाती कायमची बिघडवली होती. दर वेळी ग्रेसचं बोलणं तुटे आणि खोकला थांबेपर्यंत ती कपाकडे पाहत राही.

"त्या पंधरवड्यात मी त्याचे कपडे वाटून टाकले," ती म्हणाली. "कोट बिलच्या टॉमला दिला. त्याची खाट उभी करून ठेवली. आई म्हणून जे करायचं ते सगळं केलं, एकही गोष्ट ठेवली नाही. मग तो परत आला. मी देवाचे आभार मानले, रोज मानते. पण हॅना, एकदा पुरं नाव घेतलेला माणूस परत येतो का कधी? कोणी पाहिलाय? तो खोकतो ना, तेव्हा मला वाटतं, ते नाव अजून कुठेतरी पडलंय, त्याला शोधतंय. दगडावर कोरलंत की सापडेल त्याला. दर रविवारी त्याच्या शेजारून चालत मी आत जायचं? जेम्स एलरॉइड म्हणून? माझ्याच्याने होणार नाही."

हे खुळेपण आहे असं हॅना म्हणू शकली असती. पण त्या पंधरवड्यातली ग्रेसची पाठ तिने पाहिली होती.

दार उघडून जिमी आत आला. हातांवर दगडाची भुकटी होती. त्याने दोघींकडे पाहिलं आणि काय चाललंय ते त्याला कळलं.

"हॅनाआत्या," तो म्हणाला, "ते नाव त्याला मी दिलं. तुला माहीत आहे का ते?"

"कसलं दिलंस?"

"भरतीच्या रांगेत तो माझ्या मागे होता. टेबलाशी कारकून प्रत्येकाला आडनाव विचारत होता. जेम माझ्या कानाशी म्हणाला, 'जिमी, मी काय सांगू रे?' तोवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की त्याला आडनाव लागेल. मी म्हटलं, 'एलरॉइड सांग, आणखी काय सांगणार? क्लॉगवाल्याच्या घरचा ना तू?' त्याने सांगितलं. कारकून वैतागला, म्हणाला, 'अरे, तुमची पैदास संपते कुठे?' आम्ही सगळे हसलो. जेम सगळ्यांत जास्त हसला. दिवसभर हसत होता."

ग्रेसने मुलाकडे पाहिलं. "तू दिलंस? न विचारता?"

"माझ्याकडचं कमी नाही झालं, आई."

त्याला खोकला आला. या वेळी लांबला. ग्रेस उठली, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि त्याच्या खांद्यावरून तिने हॅनाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती, इतकी उघडी की हॅनाला पाहवेना.

तिने शाल घेतली. "राहू दे, ग्रेस," ती म्हणाली. "लॉक घालू दे त्यांना. मी जोसायाला सांगते."

ओढ्याकाठच्या वाटेने ती परतली. अल्डरना नुकते तुरे आले होते. गेली काही वर्षं इथे कोणी झाडं तोडली नव्हती, आणि कुऱ्हाडीच्या जुन्या खुंटांतून नवे फुटवे माणसाच्या उंचीचे झाले होते. ती एका खुंटापाशी थांबली. जोसायाच्या गोष्टीतला तो अ‍ॅडम. डोंगरापलीकडून आला म्हणतात. तिकडे त्याला काय म्हणत होते? कोणाचा मुलगा होता? कोणी विचारलं नाही. साऱ्याच्या माणसाने विचारलं, कोण राहतं, आणि शेजाऱ्यांनी त्याच्याऐवजी उत्तर दिलं, जागेचं नाव घेऊन. अनाथालयात कोणीतरी विचारलं असेल, कुठे सापडलं पोर, आणि बोटवाल्याने सांगितलं असेल, लॉकपाशी. कारकुनाने विचारलं आणि जिमीने सांगितलं. कोणीही आपलं आडनाव स्वतः आणलेलं नव्हतं. दर वेळी एक सरकारी माणूस विचारत होता आणि शेजारचा उत्तर देत होता.

तिला हे समितीत बोलायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, बोलून काही झालं नसतं. ग्रेसच्या भीतीला त्याचं काय.

जोसायाला सांगून टाकायचं म्हणून ती रविवारी चॅपेलला गेली, पण तो आणि ग्रेस आले नव्हते. जिमीची छाती भरली होती म्हणे. आठवडाभर तिने निरोप पाठवायचा ठरवला आणि पाठवला नाही.

पुढल्या आठवड्यात एका दुपारी दुकानाची घंटा वाजली आणि ग्रेस आत आली. एका हातात क्लॉग, काखेत पुडकं.

"टाचेचं लोखंड निघालंय," ती म्हणाली.

हॅनाने क्लॉग घेतला. लोखंड घट्ट होतं. तिने तरीही दोन खिळे मारले. ग्रेस उभीच होती. भिंतीवरच्या फळीवर ओबडधोबड पाडलेले तळवे वाळत ठेवले होते, वर्षानुवर्षांचे, वीटकरी झालेले.

"कशी आहे छाती?"

"उतरली. काल उठून भिंतीवर गेला." मग ती म्हणाली, "तो तापात असताना मी बसून होते. बसून बसून माणूस विचार करतं. हॅना, त्या रविवारी आपण कोणासाठी गायलो?"

"तुला माहीत आहे कोणासाठी."

"नाही, मला सांग. माझ्या पोरासाठी गायलो म्हणावं तर तो जिवंत. तुझ्या पोरासाठी म्हणावं तर त्याला लॉक करायला निघालोय आपण. मग ते सगळं गेलं कुठे? ते गाणं, ती बिस्किटं, मी रडले ते? जेम्स एलरॉइडच्या नावाने केलं ना आपण? त्या नावाचा मेलेला जर कोणी नसेलच, तर ते पोचलं कोणाला? कोणालाच पोचलं नाही. म्हणून माझ्या दारात येऊन बसलंय. घर सापडत नाही त्याला. मी म्हणत होते नाव शोधतंय, नाव शोधतंय. नाव नाही गं. ते रडणं शोधतंय, आपण कोणाचं ते."

हॅनाने हातोडी खाली ठेवली.

"ज्याचं त्याला जाऊ दे," ग्रेस म्हणाली. "तुझा मुलगा जेम्स एलरॉइड होता, तो मेला आणि आम्ही सगळ्यांनी त्याची प्रार्थना केली. रीतसर. तू होतीस, मी होते. दगडावर तसं लिहा. मग माझा तो माझा राहील." तिने पुडकं टेबलावर ठेवलं. पांढरा कागद, वर काळी लाख, जराशी वाकडी बसलेली. "तेव्हा मयताची बिस्किटं तुझ्याकडून माझ्याकडे आली होती. चुकीच्या घरी. शहाजिरे जास्त पडलेत, माझा हात तसाच आहे, ठाऊक आहे तुला."

"तुझ्या बिस्किटांनी दात पडतात," हॅना म्हणाली, आणि तिने पुडकं आपल्याजवळ ओढलं.

मग ग्रेसने क्लॉग उचलून काखेत मारला.

"पण मी बघायला येणार नाही, हॅना. ते मला जमणार नाही. चॅपेलमध्ये मी गिरणीच्या बाजूच्या दाराने जाईन."

"नको येऊस."

बैठकीत जोसायाने हात वर केला. पाथरवट मेमध्ये आला आणि त्याने मोकळी ओळ भरली. इतर नावं एप्रिलच्या सुरुवातीलाच कोरून झाली होती, त्यांच्यावर गिरणीच्या धुराची पातळ काजळी बसली होती. हे एकच मधाच्या रंगाचं दिसत होतं. वर्षभरात तेही काळं होईल, पाथरवट म्हणाला, मग फरक कळायचा नाही.

जूनमधल्या एका शनिवारी दगडावरचं कापड काढलं. नावं वाचायचं काम विश्वस्तांनी वाटून घेतलं होतं, आणि एलरॉइड जोसायाकडे होते. टोपी हातात धरून तो एकेक वाचत गेला. आर्थर एलरॉइड. एबेनेझर एलरॉइड. हेन्री एलरॉइड. पुढच्या नावाशी तो थांबला. गर्दीत जिमी उभा होता आणि बापाने त्याच्याकडे पाहिलं नाही, दगडाकडे पाहिलं.

"जेम्स एलरॉइड," तो म्हणाला, आणि पुढे गेला. पुष्कळ पुढे, यादीच्या शेवटाकडे, इंग्रजी यू अक्षराखाली, इर्विन अटलीचंही नाव होतं. हात बरा झाल्यावर तो परत लढाईवर गेला होता.

ग्रेस आली नव्हती. पुढे आयुष्यभर ती गिरणीच्या बाजूच्या दारानेच चॅपेलमध्ये गेली, आणि कोणी तिला त्याचं कारण विचारलं नाही.

नंतर हॅनाने चारपाच जणांना दुकानात बोलावलं. चहा केला, हॅम कापला, पुडकं फोडून बिस्किटं वाटली. रीतीप्रमाणे ती त्या दिवशीच वाटायची, म्हणून तिने ती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. ती दगडासारखी झाली होती. कोणी तक्रार केली नाही. एकेकजण निघून गेला आणि शेवटी जिमी राहिला.

तो फळीपाशी उभा होता. त्याने तळव्यांची एक जोडी खाली काढली, अंगठ्याने कडेवरून फिरवली. तासलेली होती, पण पुरी झालेली नव्हती.

"ही अजून आहे?" त्याने विचारलं. "जायच्या आदल्या आठवड्यात आमच्या ओढ्यावर बसून पाडत होता. जेमची ना ही?"

हॅना कप विसळत होती. तिने हात पुसले.

"जेम्स एलरॉइडची," ती म्हणाली.

ते नाव तिने तोंडाने पहिल्यांदाच घेतलं होतं. जिमीने जोडी टेबलावर ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.